सतरावं तपासलं, सातवं राहून गेलं

नगर जिल्ह्यात माणसं शनीच्या दर्शनाला जातात, साईबाबांना जातात, हिवरे बाजारला पाणी कसं अडवलंय ते बघायला सहली काढतात. मी मागच्या कार्तिकात तीन दिवस गेले ती एका घरी रिपोर्ट पोचवायला. पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, बोलताना मात्र टपरीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे नगरच म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिते. रिपोर्ट एका पानाचा होता. तो सोळा वर्षं उशिरा पोचत होता आणि उशीर माझा होता.

प्रवासाआधी तेवढं सांगायला हवं. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत जनुकांच्या तपासण्या करायचे. सोळा वर्षांपूर्वी नगरच्या एका हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी आली. चार वर्षांची मुलगी, सात वेळा हाड मोडलेलं, एकदाही मोठं पडणं-आपटणं नाही. डोळ्यांच्या पांढऱ्या भागाला निळसर झाक, आणि तीच झाक वडिलांच्या आणि आजोबांच्याही डोळ्यांत. डॉक्टरांना ठिसूळ हाडांच्या आजाराचा संशय होता. हा आजार बहुतेक वेळा कोलॅजन या प्रथिनातल्या दोषामुळे होतो. स्लॅबमध्ये सळई असते तसं हाडात कोलॅजन असतं. ते कच्चं निघालं की हाड नुसत्या कुशीवर वळण्यानेही मोडू शकतं.

मी बर्फाचा डबा घेऊन सोनईला गेले. घर ख्रिस्ती शिक्षकाचं होतं. निवृत्त झालेले दाविद साळवे मास्तर, त्यांचा मुलगा प्रकाश, सून मार्था आणि ती मुलगी, करुणा. चौघांचं रक्त घेतलं. निघताना मार्था फाटकापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, लोकं म्हणत्यात मी पोरीला मारते. तुमी तरी सांगा, हे माझ्या हातानं व्हतंय का?"

मुलीचे डोळे मी पाहिले होते. आजार मला ओळखू आला होता. पण हातात पुरावा येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, ही आमच्या कामाची शिस्त. मी म्हटलं, "रिपोर्ट आल्याशिवाय काही सांगता येणार नाही."

हाडातल्या कोलॅजनची दोरी तीन पेडांची असते. त्यातल्या दोन पेडांची कृती सतराव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरच्या जनुकात लिहिलेली आहे आणि तिसऱ्या पेडाची सातव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरच्या जनुकात. दोन्ही जनुकं सलग नाहीत. पन्नासच्या आसपास छोटे तुकडे, आणि तुकड्यांच्या मध्ये कामाचा मजकूर नसलेली लांबच लांब जागा. तेव्हा आम्ही एकेक तुकडा वेगळा काढून वाचायचो. सतराव्यावरचं सगळं जनुक वाचायला मला आणि माझ्या सहकाऱ्याला कित्येक आठवडे लागले. त्यात काही सापडलं नाही. सातव्यावरचं जनुक तर त्याच्या दुप्पट लांबीचं. ते सुरू करणार, तेवढ्यात प्रकल्पाची मुदत संपली, मला दुसऱ्या आजाराच्या कामावर घेतलं आणि चार नळ्या उणे ऐंशी अंशाच्या फ्रीजरमध्ये गेल्या. मी सोनईला एक पत्र पाठवलं आणि ते घर विसरले. विसरले हाच शब्द खरा आहे.

गेल्या वर्षी निवृत्तीपूर्वी फ्रीजर रिकामा करताना त्या नळ्या हाती लागल्या. आता नवी यंत्रं दोन्ही जनुकं एकदमच वाचतात. प्रयोगशाळेच्या नीतिसमितीची परवानगी घेऊन मी नमुने लावले. दोष सातव्यावर होता. एका अक्षराचा. आजोबांत होता, मुलात होता, नातीत होता. मार्थाच्या रक्तात नव्हता.

जुन्या फॉर्मवरचा सोनईचा फोन बंद होता. दुसरा नंबर मार्थाच्या भावाचा निघाला. मी मार्था साळवेंना भेटायचंय म्हटल्यावर तो म्हणाला, "मग सोनईला कशाला जाता? ती हितं केडगावला असती. सोळा वर्षं झाली."

केडगाव

पुण्याहून येताना नगर लागायच्या आधी केडगाव लागतं. हमरस्त्यावर दुकानं आणि ट्रक, आणि दोन गल्ल्या आत गेलं की दारापुढे तुळशी, वाळत घातलेली बाजरी, शाळेतून येणारी पोरं. मार्थाच्या भावाचं घर पिवळ्या रंगाचं होतं. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, त्यामागे मार्था. चाळिशी ओलांडलेली, चष्मा लागलेला. मशीन थांबवून तिने माझ्याकडे पाहिलं आणि नाव सांगायच्या आतच ओळखलं.

"तुमी रक्तवाल्या मॅडम."

आमच्या रत्नागिरीकडे पाहुण्याला आधी गूळपाणी देतात, चहाचं नंतर विचारतात. इथे विचारण्याची पद्धत नाही. भावजयीने पाण्याचा तांब्या ठेवला आणि तो अर्धा व्हायच्या आत चहा आला, बशीत सांडेल इतका काठोकाठ. तो घेतल्याशिवाय बोलणं सुरू होणार नाही हे मला कळलं, म्हणून घेतला. मग रिपोर्ट काढला आणि जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. मुलीला आजार आहे, जन्मापासून आहे. तो वडिलांकडून आलाय, त्यांना आजोबांकडून. तुमचा त्यात काही संबंध नाही. तुमच्या हाताने काही झालेलं नाही.

मार्थाने मांडीवरच्या ब्लाउजचा दोरा दाताने तोडला. रडली नाही.

"तुमचं पयलं पत्र आलं हुतं," ती म्हणाली. "मास्तरांनी सगळ्यांम्होरं वाचलं. मला पाठ हाय. 'तपासलेल्या जनुकात दोष आढळला नाही.' खाली तुमची सही."

"पण त्यात दुसरं जनुक तपासायचं…" मी बोलता बोलता थांबले. दुसरं जनुक तपासायचं बाकी आहे, हे मी लिहिलं होतं का? मला आठवेना. मग आठवलं. इंग्रजी अहवालाच्या शेवटी बारीक अक्षरांत ती ओळ होती. सोबतच्या मराठी पत्रात नव्हती. पत्र आटोपशीर व्हावं म्हणून मीच ती गाळली होती.

"रक्तात दोष न्हाई म्हटल्यावर दोष कुनाचा राह्यला?" मार्था म्हणाली. "माझाच. त्याच आठवड्यात मला हितं आनून सोडलं. पोरगी ठिवून घेतली."

ज्या डॉक्टरांनी चिठ्ठी पाठवली होती त्यांची मधल्या काळात बदली झाली होती. विचारायला कुणी उरलं नव्हतं. एक फोन नंबर माझ्या पत्राच्या वर छापलेला होता, पण दोष नाही असं लिहिणाऱ्या बाईला फोन कोण करणार?

पुढचं तिने तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. पहिली काही वर्षं ती नाताळाला सोनईला जायची, करुणाला लांबून बघायची. दोनदा शाळेबाहेर थांबली. शेवटचं दहावीच्या परीक्षेला. प्रकाश मुलीला उचलून केंद्रावर घेऊन आला होता. मुलीने आईला पाहिलं आणि बापाच्या खांद्यात तोंड लपवलं. "भ्याली ती मला," मार्था म्हणाली. "त्यानंतर न्हाई गेले."

तिने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. बाजरीची भाकरी, मेथीची कोरडी भाजी, शेंगदाण्याची लाल चटणी. ती वाढतच होती. भाकरीचा पापुद्रा काढून त्यावर तेल ओतत एकदम म्हणाली, "लहानपनी तिला दुधावरची साय बघितली तरी वकारी यायची. अजून तसंच हाय का, इचाराल का?"

"मी रिपोर्ट तुमच्याकडे ठेवते," मी म्हटलं.

"मला कशाला? मला पयल्यापासून म्हाईत हुतं, मी लेकराला मारलं न्हाई. मला नव्यानं काय कळलं?" तिने कागद माझ्याकडे सरकवला. "ज्यांना म्हाईत न्हाई, त्यांच्याकडं जा."

मी माफी मागायचं ठरवून गेले होते. ते तोंडातून निघालंच नाही.

नगर ते सोनई

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरमधून संभाजीनगरच्या रस्त्याला लागले. जेऊर सोडलं की इमामपूरचा घाट. उघडे डोंगर, पिवळं पडलेलं गवत, मधूनच मेंढरांचा कळप. घाट उतरून पांढरी पुलाच्या पुढे जाईपर्यंत असंच कोरडं. मग घोडेगावला डावीकडे वळलं की थोड्या अंतरात सगळं पालटतं. मुळा धरणाच्या कालव्याचं पाणी जिथे पोचलंय तिथून ऊस सुरू होतो आणि दोन्ही बाजूंनी रस्ता झाकून टाकतो. कोकणातला हिरवा रंग डोंगरावरून आपोआप उतरतो. इथे पाटाची एक चारी, म्हणजे छोटा फाटा, असते, तिच्या अलीकडे कुसळं आणि पलीकडे हिरवं रान. मला याचं दर वेळी नवल वाटतं.

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला होता. सोनईच्या अलीकडे ऊस लादलेली ट्रॅक्टरची एक ट्रॉली कलंडली होती आणि मोळ्या रस्ताभर पसरल्या होत्या. कुणाला लागलं नव्हतं. पण तासभर तरी रस्ता मोकळा होणार नव्हता. मी गाडी कडेला घेऊन बाभळीखाली बसले. ऊसतोडीला आलेल्या बायका मोळ्या उचलत होत्या. त्यातल्या एकीने कांडं मोडून माझ्या हातात दिलं.

"खा बाई. रस्ता काय लगेच हुत न्हाई. शनीला निघालाव?"

"नाही. एकाकडे निरोप द्यायचाय."

"चांगला का वाईट?"

मी कांड्याची साल दाताने ओढली. ती हसली आणि परत कामाला लागली. मी ऊस हातात धरून बसले आणि काय बोलायचं ते मनात जुळवत राहिले. पहिल्या वाक्यात आजाराचं नाव सांगावं की पहिल्या वाक्यात चूक कबूल करावी? प्रयोगशाळेत शिकायला येणाऱ्या मुलांना मी सांगायचे, आधी निष्कर्ष सांगा. इथे निष्कर्ष कोणता, तेच ठरत नव्हतं.

सोनई

साळव्यांचं घर चर्चमागच्या गल्लीत तसंच होतं. पुढच्या खोलीवर मात्र आता पाटी होती, 'ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील'. आत कॉम्प्युटर, प्रिंटर, सातबाऱ्यासाठी आलेले दोन शेतकरी, आणि उंच केलेल्या खुर्चीवर करुणा. अंगाने दहा वर्षांच्या मुलीएवढी, पाय वाकलेले, चेहरा विशीतला, बोटं कीबोर्डवर भराभर चालणारी. तिने शेतकऱ्यांना मार्गी लावलं, मग माझ्याकडे वळली.

"आधारचं काम आहे का?"

मी कोण ते सांगितलं. तिने आतल्या दाराकडे तोंड करून "पप्पा" अशी हाक मारली. प्रकाश कारखान्यावर गाडी चालवतो. रात्रपाळी करून आला होता, झोपेतून उठून बाहेर आला. मास्तर आतल्या खाटेवर होते. ऐंशीच्या घरात, पाठ वाकलेली, अजिबात ऐकू न येणारे. हा बहिरेपणाही याच आजाराचा भाग असू शकतो, हे मी तिथे उभी असताना मनात नोंदवलं आणि स्वतःचीच शरम वाटली. डोळे अजून तसेच, निळसर. प्रकाशने करुणाला खुर्चीसकट आत आणलं आणि तिने एक वही आणि पेन माझ्या हातात दिलं. "आजोबांशी लिहून बोलावं लागतं."

म्हणून मी सगळं लिहिलं. मला वाटतं, ते बरं झालं. लिहिताना लपवता येत नाही.

पहिलं वाक्य लिहिलं, 'माझं सोळा वर्षांपूर्वीचं पत्र अपुरं होतं.' मग दोन जनुकांचं लिहिलं. सतरावं तपासलं होतं, सातवं राहिलं होतं, आणि ते राहिलंय हे मी तुम्हाला मराठीत सांगितलं नाही.

मास्तरांनी चष्मा पुसला आणि वर्गात उत्तरपत्रिका वाचावी तसं बोट ठेवून वाचलं. मग शिक्षकासारखाच प्रश्न विचारला. त्यांचा आवाज बहिऱ्या माणसाचा, नको तितका मोठा होता. "एका अक्षरानं एवढं होतं?"

मी लिहिलं. या प्रथिनात दर तिसऱ्या जागी ग्लायसीन नावाचा घटक लागतो. तो सगळ्यांत लहान. तीन पेड एकमेकांत पिळले जातात तेव्हा आतल्या बाजूला एवढीशीच जागा उरते, तिथे दुसरा कुणी मावत नाही. जनुकाची रचनाही त्याच हिशेबाची आहे. त्यातले कितीतरी तुकडे बरोबर चोपन्न अक्षरांचे, काही त्याच्या दुपटीचे, आणि दोरीचा प्रत्येक तुकडा ग्लायसीनच्या पूर्ण, तीन अक्षरी शब्दापासून सुरू होतो. तुमच्या घरात सातव्या गुणसूत्रावर अशाच एका शब्दाचं पहिलं अक्षर बदललंय. ग्लायसीनच्या जागी सेरीन नावाचा मोठा घटक बसतो आणि पीळ तिथे नीट बसत नाही.

"आणि हे कुणाकडून कुणाला?"

मी तीन नावं एकाखाली एक लिहिली. दाविद, प्रकाश, करुणा. मार्थाचं नाव शेजारी लिहून त्यापुढे लिहिलं, 'नाही'.

प्रकाश माझ्या खांद्यावरून वाचत होता. "पण माझा तर एकदाच हात मोडला, शाळेत," तो म्हणाला. मी सांगितलं की एकाच बदलाचा त्रास एकाच घरात कुणाला थोडा, कुणाला फार होतो. तो भिंतीला टेकून खाली बसला. "मी आनायला गेलो न्हाई तिला," तो म्हणाला. "ती गेल्यावर बी हाडं मोडायची, दवाखान्यात नुसतं प्लास्टर घालायचे, आन् आम्ही म्हनायचो, पयल्या मारानं कच्ची झालीत. एकदा बी न्हाई गेलो."

मास्तरांनी त्या चार नावांवरून बोट फिरवलं. मग मोठ्या आवाजात, त्यांना वाटत असणार की हळू बोलतोय, म्हणाले, "मी तिला बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. चर्चच्या मंडळीतल्या चार वडीलधाऱ्यांसमोर. तिनं घेतली. म्हणाली, मी लेकराला बोट लावलं नाही. मग तुमचं पत्र आलं. मी सगळ्यांना सांगितलं, या बाईनं देवासमोर खोटी शपथ घेतली." त्यांनी चष्मा काढला. "खरी होती ती शपथ."

मार्थाने हे मला सांगितलं नव्हतं.

करुणाने हात लांबवला. तिने वही ओढून घेतली, सगळं पहिल्यापासून वाचलं आणि मला विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"सहा महिन्यांपूर्वी. खात्री करून घेण्यात वेळ गेला."

"आणि आमचं रक्त किती वर्षं पडून होतं?"

"सोळा."

"यावर औषध आहे?"

"हाडं भरायला मदत करणारी इंजेक्शनं आहेत. वाढत्या वयात दिली तर जास्त उपयोग होतो."

"तेव्हा होती?"

मी खोटं बोलू शकले असते. "होती," मी म्हटलं. "आणि त्यासाठी रिपोर्टची वाट बघायची गरज नव्हती. डोळे बघून मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

तिच्या वाकलेल्या पायांकडे मला बघवेना. मग ती म्हणाली, "मला एक आठवतं. मी तीन-साडेतीन वर्षांची असेन. आई मला पायजमा घालत होती. तिनं पाय धरला आणि कट्‌ असा आवाज आला. मी ओरडले. आईसुद्धा ओरडली. लोक म्हणायचे आई मारायची, तेव्हा मला वाटायचं, खरंच आहे, मला आठवतंय की." ती थांबली. "आठवणीत काही खोटं नव्हतं. ती फक्त पायजमा घालत होती."

बाहेर एक माणूस पीकविम्याचा फॉर्म घेऊन आला, तिने त्याला उद्या नको, परवा या म्हणून सांगितलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही आईला भेटलात?"

"काल."

"काय म्हणाली?"

"तुमच्याकडे जा म्हणाली. आणि विचारत होती, तुला अजून दुधावरची साय चालत नाही का."

करुणाने मान फिरवली. तशीच म्हणाली, "नाही चालत. उद्या मला केडगावला नेता का?"

मास्तरांना तिने वहीत लिहून दाखवलं. ते लगेच काठी शोधायला लागले, मीही येतो म्हणाले. तिने पुन्हा लिहिलं. मला ते दिसलं. 'आजोबा, उद्या तुम्ही नको.'

परत केडगाव

प्रकाशने तिला उचलून गाडीत बसवलं. मानेखाली एक हात, गुडघ्यांच्या वर दुसरा, सोळा वर्षांच्या सवयीने. तो स्वतः आला नाही. गाडीच्या काचेला धरून म्हणाला, "तिला म्हणावं…" आणि काच सोडून मागे झाला.

मी आयुष्यात इतकी हळू गाडी चालवली नव्हती. करुणाला रस्ता पाठ होता, दवाखान्याच्या फेऱ्यांमुळे. "पुढे गतिरोधक आहे, रंग उडालाय, दिसायचा नाही." "इथे उजवीकडून घ्या, डावीकडे खड्डा." काल जिथे ट्रॉली कलंडली होती तिथे आता नुसतं उसाचं पाचट पडलं होतं. पांढरी पुलाला तिने भेळ मागितली. ओली, भरपूर कांदा घातलेली, सोबत तळलेली मिरची. तिने सगळी खाल्ली आणि मग म्हणाली, "मी कधी आईसोबत बाहेरचं खाल्लंय का, आठवत नाही." घाट चढताना तिने मला लग्न-मुलांचं विचारलं. मी सांगितलं, प्रत्येक मुलात हा बदल जायची शक्यता निम्मी. ती म्हणाली, "बरं झालं, स्पष्ट सांगितलंत."

सकाळीच फोन केला होता, तरी मार्था मशीनवर बसलेली होती. गाडी दारात थांबली तशी उठून आली आणि उंबऱ्यात उभी राहिली. मी गाडीचा दरवाजा उघडला. उचलायचं कुणी हे आमच्यापैकी कुणी ठरवलं नव्हतं. भाऊ कामावर गेलेला. माझी ताकद नाही.

मार्था गाडीपाशी आली. तिने दोन्ही हात पुढे केले आणि तसेच हवेत ठेवले. "कुठं धरू तुला?" तिने विचारलं. "मला म्हाईत न्हाई आता. कुठं धरलं म्हंजी दुखत न्हाई?"

करुणाने तिचे हात धरले, एक आपल्या पाठीमागे नेला, दुसरा मांड्यांखाली घेतला. "असं," ती म्हणाली. "आता उचल. घाबरू नको. मोडलं तर मोडलं."

"आसं नको बोलू," मार्था म्हणाली आणि तिला उचललं.

मी आत गेले नाही. भावजयीने ओट्यावर मला खुर्ची आणून दिली आणि तीही माझ्याशेजारी बसली. आतून करुणाचं रडणं ऐकू आलं, मग दोघींचं बोलणं, मग भांड्यांचा आवाज. दोन तास गेले. समोरच्या घरातल्या बाईने विचारलं, "कोन आलंय?" भावजय म्हणाली, "मार्थाची लेक." हे सांगताना तिने मान ताठ केली.

मार्था बाहेर आली तेव्हा मी उभी राहिले आणि पहिल्या दिवशी जे निघालं नव्हतं ते बोलले. चूक माझी होती, पत्र माझं होतं, मला माफ करा.

तिने ऐकून घेतलं. पदराने चेहरा पुसला. "तुमी आल्या ते बरं केलं," ती म्हणाली. "दुसरं कोनी आलं नसतं. पन मॅडम, आता परत येऊ नका. तुमाला बघितलं की मला त्या दिसात गेल्यावानी हुतं. रिपोर्ट करुनाला पाठवा, दवाखान्याचं तिला सांगा. माझ्या दारात येऊ नका."

मी बरं म्हटलं.

करुणा त्या दिवशी सोनईला परतली नाही, आठवडाभर राहिली. आता महिन्यातून एकदा येते. तिचं रक्त पुन्हा तपासलं, निकाल तोच आला. नगरच्या एका दवाखान्यात इंजेक्शनं सुरू झाली आहेत, डॉक्टर म्हणतात या वयात थोडा फायदा होईल, पाय सरळ व्हायचे नाहीत. प्रकाश एकदा केडगावला जाऊन गल्लीच्या तोंडावरून परत आला. मास्तरांनी तीन पत्रं लिहिली. मार्थाने ती वाचली, पण उत्तर दिलेलं नाही. सोनईला ती जाणार नाही म्हणते. हे सगळं करुणा फोनवर सांगते, मी विचारलं तर आणि तेवढंच.

गेल्या महिन्यात नगरला एका लग्नाला जायचं होतं. केडगाव आलं. मार्थाच्या घराकडे जायची वाट हमरस्त्यावरून दिसते. मी वेग कमी केला नाही.